सल्ला घेतला, पुढे काय?



मागच्या मासिक बैठकीत चहा झाल्यावर एका सभासदांनी विषय काढला. "नगर निगमाच्या एखाद्या समितीवर आपल्या समाजाची दोन नावं असायला हवीत. निवृत्त मंडळी आहेत, वेळ आहे, अनुभव आहे." त्यावर एक ज्येष्ठ हसून म्हणाले, "नावं द्या हो, पण पुढे काय? फोटो निघेल, समोसा मिळेल, घरी येऊ."

आम्हाला दोघांचेही म्हणणे पटले. म्हणूनच नावे देण्याआधी हा प्रकार नेमका काय आहे, हे समजून घ्यावे असे वाटले. बिनपगारी बसून शहराच्या कारभाराला सल्ला देणारी नागरिकांची समिती कायद्यात कुठे आहे, प्रत्यक्षात कुठे आहे, आणि ती कामाची ठरते ती कशामुळे? बँकेत सारी हयात गेल्यामुळे आम्हाला भाषणांपेक्षा नोंदी बघायची सवय आहे. त्याच नजरेने हे लिहीत आहोत.

आधी कायदा. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम 243-एस प्रमाणे तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असायलाच हव्यात. ग्वाल्हेरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच दहा लाखांच्या पुढे गेली होती, म्हणजे आपण या नियमात केव्हाच बसतो. आपल्या मध्य प्रदेशाच्या कायद्यात त्याखाली मोहल्ला समितीचीही तरतूद आहे. शिवाय कलम 243-आर प्रमाणे नगर प्रशासनाचे विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तींना सभागृहात नामनिर्देशित करता येते. आपल्याकडे त्यांना एल्डरमन म्हणतात. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. आणि बहुतेक वेळा हे 'विशेष ज्ञान' कोणत्या पक्षाच्या कार्यालयातून येते, हे सर्वांना ठाऊक आहे.

मग नागरिक म्हणून आपण आज काय वापरतो? मंगळवारची जनसुनवाई आणि 181 क्रमांकाची सी.एम. हेल्पलाइन. दोन्ही सोयी चांगल्या आहेत. खांबावरचा दिवा बंद आहे, नळाला गढूळ पाणी येते, तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या, पाठपुरावा करा. पण तक्रार आणि सल्ला यांत फरक आहे. तक्रार एका घराची असते आणि काहीतरी बिघडल्यावर केली जाते. सल्ला पूर्ण वस्तीचा असतो आणि काम ठरण्याआधी द्यायचा असतो. पैसा थोडा असताना आधी नाला बांधायचा की रस्ता डांबरी करायचा, हा प्रश्न 181 वर विचारता येत नाही. रस्ता झाल्यावर नाल्यासाठी तोच रस्ता खोदला जातो, तेव्हा आपण तक्रार करतो. ती निकालीही निघते, पण तोवर पैसा दोनदा खर्च झालेला असतो.

समितीची खरी जागा इथे आहे, आणि ती जागा फार काळ रिकामी राहू शकते. आपल्या निगमाची मागची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली आणि निवडणूक झाली जुलै 2022 मध्ये. मधली दोन वर्षे पार्षद नव्हते, सर्व कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. पुणे-मुंबईत तर मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि मतदान झाले ते जानेवारी 2026 मध्ये. वॉर्ड समिती पार्षदांभोवती उभी असते, त्यामुळे पार्षद गेले की तीही जाते. म्हणजे नागरिकांच्या सल्ल्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच काळात सल्ला द्यायला दारच उरत नाही. आपल्या सध्याच्या निगमाची मुदत 2027 मध्ये संपेल. तेव्हा हा विषय पुन्हा आपल्या उंबऱ्याशी येणार आहे.

दुसरे उदाहरण स्मार्ट सिटीचे. सप्टेंबर 2016 मध्ये ग्वाल्हेरची त्यात निवड झाली. या योजनेच्या नियमांत प्रत्येक शहराला सल्लागार मंच सांगितला होता. खासदार, आमदार, महापौर, कलेक्टर यांच्याबरोबर रहिवासी संघ, महिला मंडळ, व्यापारी मंडळ, झोपडवस्तीचे प्रतिनिधी, तज्ज्ञ अशी सर्व मंडळी त्यात यायची. कागदावर याहून चांगली रचना सुचणे कठीण. पण मंचाने दिलेला सल्ला मानला नाही तर कारण सांगायला हवे, अशी सक्ती नव्हती. आणि मंच योजनेला बांधलेला होता. 31 मार्च 2025 ला योजनेची मुदत संपली. शहर मात्र तिथेच आहे.

यावर कोणी म्हणेल की ज्याला ठरवण्याचा अधिकार नाही, त्याने बोलून उपयोग काय? इथे महात्मा फुल्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. जोतिराव 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतावर नगरपालिकेचा पैसा खर्च करायचे ठरले, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. मोठी मंडई बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. मंडई झालीच, आणि आज तिलाच त्यांचे नाव आहे. मतदानात ते हरले, पण त्यांचे मत कागदावर राहिले, म्हणून आज दीडशे वर्षांनी आपण त्यावर बोलू शकतो. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचाच असतो असे नाही, हेही त्यातून दिसते.

पुण्यातच 2006-07 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत सुरू झाली. नागरिकाने अर्ज भरायचा, आपल्या भागात पदपथ हवा, बाक हवा, दिवा हवा ते लिहायचे. अंदाजपत्रकाच्या मानाने रक्कम लहान, पण वर्षातून एकदा ठरलेल्या वेळी दार उघडते, हे महत्त्वाचे. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी गल्लीगल्लीत समित्या करून कचरा वेगळा करण्याचे काम महापालिकेबरोबर केले. तिथे अनुभव असा की ज्या गल्लीत चार माणसे नेटाने उभी राहिली तिथे काम टिकले. ती थकली की समितीही थकली.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, आपणही तिकडे जाऊन चार-सहा महिने राहून येतो. न्यूयॉर्कमध्ये 59 कम्युनिटी बोर्ड आहेत. प्रत्येकावर जास्तीत जास्त 50 सदस्य, सर्व बिनपगारी. जमिनीच्या वापराचे प्रस्ताव आधी त्यांच्याकडे येतात. त्यांचे मत बंधनकारक नसते, पण ते विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॅलिफोर्नियात 1953 पासून ब्राउन ॲक्ट आहे. साध्या सल्लागार समितीच्या नियमित बैठकीचाही विषय 72 तास आधी लोकांसाठी लावावा लागतो आणि बैठक सर्वांना खुली असते. तिथे आणखी एक नियम आहे. पुढच्या वर्षी कोणत्या समितीवरच्या कोणाची मुदत संपणार आणि त्या जागेला कशी पात्रता लागते, याची यादी दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत जाहीर करावी लागते. त्यामुळे ओळख नसलेल्यालाही अर्ज करता येतो. तिकडे सर्व आलबेल आहे असे नाही. बैठका रटाळ होतात, आणि वेळ असलेली तीच ती माणसे दिसतात. पण दार कुठे आहे आणि कधी उघडते, ते कोणालाही कळते.

आता आमचा स्वतःचा अनुभव. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे बँकांच्या शाखांत ग्राहक सेवा समिती असते. तिच्यात ग्राहकही असतात, ज्येष्ठ नागरिक असावा असे सांगितलेले असते, आणि दरमहा बैठक व्हायची असते. आम्ही एका शाखेत असताना ही बैठक नेमाने व्हायची आणि इतिवृत्तात नेमाने एकच वाक्य असायचे, 'विविध विषयांवर चर्चा झाली.' समितीत एक निवृत्त शिक्षक होते. एकदा त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, मागच्या महिन्यात पेन्शनच्या दिवशी बसायला बाक ठेवा म्हटलं होतं, त्याचं काय झालं?" आम्ही वही उघडली. वहीत बाकाचा उल्लेखच नव्हता.

लाज वाटली. पुढच्या महिन्यापासून वहीत तीन रकाने आखले: सूचना काय, काय केले, केले नसेल तर का. बाक दोन आठवड्यांत आला. काही सूचना आमच्या अधिकारातल्या नव्हत्या, तिथे तसे लिहिले. गंमत म्हणजे 'हे होणार नाही' असे कारणासह लिहिल्यावर कोणी रागावले नाही. समितीचा अधिकार तेवढाच होता, फक्त तिसरा रकाना आला होता.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की सल्लागार समितीला मोठे अधिकार नसले तरी चालेल, पण चार गोष्टी हव्यातच. बैठकीची तारीख आणि विषय आधी जाहीर व्हावेत. इतिवृत्त लिहून सर्वांना पाहता यावे. प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे, नकार असेल तर कारणासह. आणि सदस्यांची मुदत ठरलेली असावी, जागा रिकामी झाली की उघड अर्ज मागवावेत. पाचवी गोष्ट बँकेतल्या कोणालाही सांगावी लागणार नाही. ज्याने व्हाउचर बनवले त्यानेच पास करायचे नसते. ज्याचा ठेका किंवा दुकान त्या कामात गुंतलेले आहे, त्याने त्या विषयापुरते उठून बाहेर जावे.

इथे आपल्याही वहीत डोकावायला हवे. अशा समित्यांवर बसायला वेळ कोणाला असतो? पेन्शन असलेल्यांना, म्हणजे आपल्यासारख्यांना. पण बिर्ला नगर ही मुळात मिलची वस्ती. जे.सी. मिल बंद पडल्यावर ज्यांचे हाल झाले ती घरे, हजिऱ्याला हातगाडी लावणारे, पहाटे पाणी भरून कामावर जाणाऱ्या बाया यांना दुपारी चारच्या बैठकीला येता येत नाही. त्यांच्या वतीने आपणच बोलू लागलो, तर बाकाची मागणी होईल आणि नाला राहून जाईल. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने यावर चांगला मार्ग दाखवला आहे. शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले विक्रेते असावे लागतात, आणि त्यांत एक-तृतीयांश महिला. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याची खुर्ची कायद्यानेच राखून ठेवली आहे. मोहल्ला समितीतही हे व्हायला हवे, आणि बैठक संध्याकाळी किंवा रविवारी ठेवायला हवी.

तेव्हा समाजाने नावे द्यावीत की नाही? आमचे उत्तर, द्यावीत. पण नावांबरोबर एक पत्रही द्यावे. त्यात वरच्या चार गोष्टी मागाव्यात आणि आपल्या वॉर्डात मोहल्ला समिती आहे का, असेल तर तिची शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे पाहायला मिळेल, हे विचारावे. उत्तर न आल्यास दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. 2027 मध्ये मते मागायला जे येतील, त्यांनाही रस्त्या-नळाबरोबर हा प्रश्न विचारावा. आणि आपल्या प्रतिनिधीने दर बैठकीनंतर समाजाच्या मासिक सभेत पाच मिनिटे हिशेब द्यावा. आपण इतरांकडून तिसरा रकाना मागतो, तर आपल्याही वहीत तो हवा.

त्या ज्येष्ठांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "ठीक आहे, पत्र लिहा. सही मी करतो. पण पुढच्या महिन्यात विचारणार, काय झालं म्हणून."

जरूर विचारा. सुरुवात तिथूनच होते.