गुण देणारा माणूस मेंटॉर होऊ शकत नाही

"डॉक्टर माझ्याकडे बघतच नाहीत, रिपोर्टकडे बघून औषध लिहितात." ही तक्रार तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केली असेल. पाठोपाठ निदानही ठरलेलं असतं: हल्लीच्या पोरांवर संस्कारच नाहीत, सगळा पैशाचा खेळ आहे. तक्रार खरी आहे, पण हे निदान मला चुकीचं वाटतं. नीट देऊन एमबीबीएसला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला रडणारा माणूस बघवत नाही. पाच-सहा वर्षांनी तोच मुलगा रडणाऱ्या नातेवाइकाला "बाहेर थांबा" म्हणून मोकळा होतो. मधली वर्षं त्याने आमच्याकडे, म्हणजे मेडिकल कॉलेजात काढलेली असतात. तेव्हा जाब विचारायचा तर घराला नको, कॉलेजला विचारा.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधला ४५६ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दरवर्षी एक प्रश्नावली देऊन त्यांची सहवेदना मोजली गेली. पहिली दोन वर्षं ती टिकून होती. तिसऱ्या वर्षी ती स्पष्टपणे घसरली. तिथे तिसऱ्या वर्षी मुलं पूर्णवेळ वॉर्डात जाऊ लागतात. म्हणजे पुस्तकं वाचताना जी कणव शाबूत होती, ती खरा पेशंट भेटल्यावर आटली.

असं का होतं, हे कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात उभं राहिलं की कळतं. खाटेवरच्या बाईचं नाव कोणी घेत नाही. ती 'बारा नंबरची लिव्हर' असते. दहा विद्यार्थी एकामागून एक तिचं दुखरं पोट दाबतात. ती विव्हळते, तेव्हा सगळ्यांची नजर शिकवणाऱ्या सरांकडे असते, कारण प्रश्न ते विचारणार असतात. एखाद्या मुलीने पांघरूण नीट केलं किंवा दोन शब्द बोलली, तर "चला, वेळ नाही" असं ऐकू येतं. संध्याकाळी त्याच खाटेवर दुसरं कोणीतरी असतं. पहिली बाई घरी गेली की वारली, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. त्यांना त्याचं काय वाटलं, हेही कोणी विचारत नाही. मेसमध्ये त्यावर एखादा विनोद होतो आणि विषय संपतो. असं शंभर वेळा झालं की मन आपोआप कातडं जाड करतं. याला आम्ही 'तयार होणं' म्हणतो.

यावर काहीच झालं नाही असं नाही. २०१९च्या तुकडीपासून नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग सक्तीचा झाला. पेशंट असणं म्हणजे काय, वाईट बातमी कशी सांगावी, हे आता तासाला येतं. चांगलीच गोष्ट आहे. पण सकाळी तासाला ऐकलेली करुणा दुपारच्या राउंडला टिकत नाही. मुलं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात.

आणि मग 'मेंटॉर-मेंटी योजना'. बहुतेक कॉलेजांत ती आहे. एका प्राध्यापकाच्या वाट्याला मुलांची एक यादी येते, ठरलेल्या दिवशी सगळ्यांना बोलावलं जातं, "काही अडचण?" "नाही सर," आणि रजिस्टरवर सह्या. तपासणीला आलेल्या पथकाला फाइल दाखवता येते. (फाइल मात्र सुरेख असते.) यात प्राध्यापकांचा दोष कमीच. पण जो माणूस अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देणार, ज्याच्या विभागात हजेरी भरायची, पुढे तोंडी परीक्षेला जो समोर बसू शकतो, त्याला "सर, परवा वॉर्डात बाळ गेलं, तेव्हापासून झोप येत नाही" हे कुठला विद्यार्थी सांगेल?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मेंटॉर स्वतःहून आलेला हवा आणि त्याच्या हातात विद्यार्थ्याचं काहीही असता कामा नये. गुण नको, हजेरी नको, शिफारसपत्रही नको. निवृत्त फॅमिली डॉक्टर, गावात तीस वर्षं प्रॅक्टिस केलेली बाई, दुसऱ्या विद्याशाखेतले शिक्षक, अनुभवी परिचारिका यांच्यात असे लोक आहेत. पाच-सहा मुलं, महिन्यातून एक संध्याकाळ, आणि तिथलं बोलणं तिथेच. उपदेश नको. "या महिन्यात कुठला पेशंट डोक्यातून गेला नाही?" एवढा प्रश्न पुरतो. मुख्य म्हणजे त्या वयस्क डॉक्टरने स्वतःचे गेलेले पेशंटही सांगावेत, म्हणजे मुलांना कळतं की इतकी वर्षं हे काम करूनही माणसाला वाईट वाटू शकतं.

यात नवीन असं काही नाही. १९५०च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट या मनोविश्लेषकाने फॅमिली डॉक्टरांचे असेच गट सुरू केले, पुढे विद्यार्थ्यांसाठीही असे गट झाले. आपल्याकडे गडचिरोलीच्या 'सर्च'मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या 'निर्माण' शिबिरांना एमबीबीएसची मुलं सुट्टी काढून जातात. कशासाठी? शिकून करायचं काय, हा प्रश्न कोणीतरी आपल्याला गांभीर्याने विचारावा म्हणून. हा प्रश्न ऐकायला मुलांना गडचिरोली गाठावी लागते, याची कॉलेजांना लाज वाटायला हवी.

आक्षेप येतील. "निवासी डॉक्टर सलग ड्यूटी करतो, त्याला मेंटॉर नको, झोप हवी." अगदी बरोबर. झोप द्याच, मेंटॉर हा त्याला पर्याय नाही. पण एमबीबीएसच्या मुलाची झोप अजून पुरेशी असते आणि कातडं तेव्हाच जाड होऊ लागतं. दुसरा आक्षेप, फुकट कामाला माणसं टिकत नाहीत. कॉलेजने वेळापत्रकात जागा, एक खोली आणि सुरुवातीचं थोडं प्रशिक्षण दिलं तर टिकतात. मानसिक आजार कसा ओळखायचा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं, हे मेंटॉरला कळायलाच हवं. तो स्वतः उपचार करणारा नव्हे. घरात मेडिकलचं मूल असेल आणि ते गप्प गप्प झालं असेल, तर मेंटॉरची वाट बघू नका. १४४१६ ही 'टेलि-मानस'ची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

आता तुमचं काम. मूल मेडिकलला घालताना तुम्ही फी, हॉस्टेल, निकाल सगळं विचारता. पुढच्या वेळी एवढंही विचारा: मेंटॉर कोण आहे, आणि तो माझ्या मुलाचे पेपर तपासतो का? आणि तुम्ही स्वतः वॉर्डात खाटेवर असाल आणि विद्यार्थ्यांचा घोळका आला, तर त्यातल्या एकाला थांबवून सांगा, "बाळा, पोट दाबण्याआधी माझं नाव विचार."