मुलांच्या त्या फेरीचं काय?

टीव्हीवर पुरुषांची सौंदर्यस्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या व्यायामशाळेत पोरं मोबाइलभोवती घोळका करतात. सुटातल्या, शेरवानीतल्या फेऱ्या भराभर पुढे सरकवतात आणि उघड्या अंगाच्या फेरीवर थांबतात. मग प्रश्न येतो, "सर, असं पोट किती दिवसांत निघेल?" गिरगावात बरीच वर्षं मुलांकडून व्यायाम करून घेतोय, म्हणून या एका फेरीबद्दल बोलायलाच हवं.

पुरुषानं नटू नये, मंचावर मिरवू नये, असं मी म्हणणार नाही. हैदराबादचा रोहित खंडेलवाल 2016 साली इंग्लंडमध्ये साउथपोर्टला 'मिस्टर वर्ल्ड' झाला, हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. गोव्याचा प्रथमेश मावळिंगकर 2018 साली पोलंडमध्ये 'मिस्टर सुप्रानॅशनल' ठरला. तो मुळात मैदानावरचा फुटबॉलपटू. दोघांचाही मला अभिमान वाटतो.

पण 1996 आठवा. बंगळूरच्या मिस वर्ल्डविरुद्ध रान उठलं होतं, आणि पोहण्याच्या पोशाखातली फेरी थेट सेशेल्सला न्यावी लागली. पुढे 2014 मध्ये मिस वर्ल्डच्या आयोजकांनी ती फेरी बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच 1996 साली इस्तंबूलमध्ये पहिली मिस्टर वर्ल्ड झाली. मुलींच्या बाबतीत निदान वाद झाला, कुणीतरी विचार केला. मुलगा शर्ट काढून उभा राहिला तर त्यात विचारण्यासारखं काही आहे, असं आपल्याला आजही वाटत नाही. पुरुषाच्या शरीराला काय होतंय, अशीच आपली समजूत.

काय होतं ते सांगतो. आमच्याकडचा एक मुलगा अशाच एका निवडफेरीच्या आदल्या संध्याकाळी आला. ओठांना भेगा, डोळे आत गेलेले. पाणी तोंडात घ्यायचा, चूळ भरायचा आणि थुंकून टाकायचा. मीठ आधीच तोडलेलं. पोटाची कातडी चिमटीत धरून पुन्हा पुन्हा आरशात बघत होता. थोड्या वेळानं पोटरीत असा गोळा आला की तो जमिनीवर आडवाच झाला. पाय ताणून धरला, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं, तर म्हणाला, "सर, उद्यापर्यंत नको ना." मी ओरडलो त्याच्यावर. मग प्यायला.

कातडीखालचं पाणी उतरलं की कट्स उठून दिसतात, म्हणून ही सगळी धडपड. मंचावर जायच्या आधी पडद्यामागे जोर मारून पंप घ्यायचा, की शिरा फुगतात. ते रूप काही तासांचं असतं. काही जण पाणी उतरवायला लघवीच्या गोळ्या घेतात. त्यानं पोटॅशियमचा तोल बिघडतो, आणि तो बिघडला की हृदयाचे ठोके चुकू शकतात. याच गोळ्या खेळाडूंच्या प्रतिबंधित यादीत आहेत. सौंदर्यस्पर्धा खेळात धरत नाहीत, त्यामुळे ते नियम तिला लागू होत नाहीत. शरीरसौष्ठवात निदान सगळ्यांना ठाऊक असतं की हे स्पर्धेपुरतं शरीर आहे. सौंदर्यस्पर्धा मात्र तेच शरीर 'देखणा पुरुष' म्हणून घराघरांत दाखवते, आणि सोळा-सतरा वर्षांची पोरं ते रोजचं समजून बसतात.

माझ्या मते ही फेरी काढूनच टाकावी. मुलांना धावायला लावा, पोहायला लावा, दोरावर चढवा. कमावलेलं अंग तिथेही दिसतंच. फेरी ठेवायचीच असेल तर मंचावर जाण्याआधी प्रत्येक मुलाला डॉक्टरनं तपासावं, आणि ज्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय त्याला त्या दिवशी उतरू देऊ नये. निवडफेरीच्या जाहिरातीत वय आणि उंचीची अट छापलेली असते. ही अटही तिथेच छापा, म्हणजे मुलं पाणी तोडायच्या आधीच वाचतील.