दोन पडदे, एक दृष्टी

मल्हारगंजातील माझ्या क्ष-किरण केंद्रात अनेक वर्षे एकच मॉनिटर होता. गतवर्षी त्याच्या शेजारी दुसरा, मोठा आणला. जुन्यावर अहवाल लिहावा व नव्यावर छातीचे चित्र पाहावे, अशी वाटणी केली. घडले मात्र भलतेच. नव्या पडद्याच्या खालच्या भागातून माऊसचा बाण अहवालाकडे नेऊ लागलो की तो मधल्या कडेवर अडे. त्याची सुटका करीपर्यंत फुफ्फुसातील ज्या ठिपक्यावर नजर रोखली होती, तो ठिपकाच हरवे.

कारण साधे आहे. संगणक पडद्याची उंची सेंटीमीटरमध्ये नव्हे, तर बिंदूंच्या ओळींमध्ये मोजतो. जुन्या पडद्यावर अशा १०८० ओळी आणि नव्यावर २१६०. दोहोंच्या वरच्या कडा जुळवल्या, तर नव्याच्या खालच्या अर्ध्या कडेला संगणकाच्या हिशेबी शेजारच नसतो. तिथे भिंत उभी राहते.

एका हितचिंतकाने सुचवले, 'नव्या पडद्याच्या ओळीही १०८० करून टाका.' त्याने बाण सुरळीत चालला. पण सुमारे ८३ लाख बिंदूंचे चित्र २१ लाखांवर आले. हा उपाय मला मान्य नाही.

आपल्यातील ज्येष्ठांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे जाड भिंगांचे चष्मे आठवत असतील. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्या डोळ्याला वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसे. मेंदूला दोन असमान प्रतिमांचा मेळ घालता येत नसे व रुग्णाला एकाच्या दोन वस्तू दिसत. म्हणून दुसऱ्या डोळ्याची दृष्टी मंद करणे हा काही खरा उपाय नव्हे. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये लंडनला डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवले. पुढे ती पद्धत रुळली आणि प्रतिमांचा मेळ बसू लागला.

पडद्यांच्या बाबतीतही न्याय हाच असावा. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये, एकाहून अधिक पडद्यांच्या सदराखाली, बाणाचे जाणे-येणे सुलभ करण्याची सोय आहे. तिने भिंत दूर होते. मात्र कडा ओलांडताना बाणाची उंची बदलते, ती बदलतच राहते. तेही नको असेल, तर 'लिटल बिग माऊस' हा विनामूल्य प्रोग्राम पडद्यांची खरी मापे सेंटीमीटरमध्ये धरून बाण समोरासमोर नेतो. मी तो बसवून घेतला. आता हात अहवालाकडे जातो, तेव्हा नजर चित्रावर राहू शकते.

ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु दिवसाकाठी शेकडो वेळा हात त्या कडेवरून जातो आणि प्रत्येक अडथळ्याला थोडे अवधान खर्ची पडते. ते अवधान रुग्णाचे आहे. आपली सोय अवश्य पाहावी. तिची किंमत मात्र रुग्णाच्या चित्रातून वसूल होऊ नये, एवढेच माझ्या व्यवसायबंधूंना सांगणे आहे.