हा दिवा कुणाचा?

दोस्तांनो, रात्री समुद्रावर ना रस्ते, ना पाट्या! मग खलाशाला कसं कळतं, की हा दिवा खांदेरीचा की कुलाब्याजवळच्या प्राँग्जचा? लुकलुकण्यावरून! किती सेकंदांनी किती झोत, हे शेजारच्या दीपगृहांपेक्षा वेगळं ठरवतात आणि नाविकांच्या पुस्तकात छापतात. म्हणूनच चुकीची उघडझाप भारी धोक्याची. भलताच दिवा आपला समजलात, तर जहाज थेट खडकावर! बिघाड झाला, की जहाजांना लगेच संदेश धाडावा लागतो.

आपले हे दिवे सांभाळणाऱ्या महासंचालनालयाचं मुख्य कार्यालय आहे समुद्रापासून दूर, नोएडात! आणि खर्च? बंदरात येणारी जहाजं त्यासाठी शुल्क भरतात.

किनाऱ्यावर गेलात, तर दोन झोतांमधले सेकंद मोजा बरं!