मलमाची चोरवाट
सोरायसिस संसर्गजन्य नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेवर उलटल्याने तो होतो. तरीही लोकलज्जेपायी रुग्ण डॉक्टरांऐवजी औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. तेथे नायट्याचे म्हणून त्याच्या हाती बहुधा तीव्र स्टेरॉइडचे मलम पडते. खपल्या ओसरतात, परंतु मलम एकाएकी थांबवताच रोग पुन्हा उसळू शकतो, क्वचित पुवाच्या पुटकुळ्याही उठतात. घशातील जंतुसंसर्ग, मानसिक ताण, मद्यपान, लिथियमसारखी औषधे यांनी हा विकार बळावतो. गल्ल्यापाशी ही चौकशी कोण करणार? २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री निषिद्ध केली. तो नियम आजही सर्रास धाब्यावर बसवला जातो. अन्न व औषध प्रशासनाने विक्रेत्यांना जाब विचारावा. समाजानेही रुग्णाचा हात निःशंकपणे हाती घ्यावा. लाज सरली, तरच ही चोरवाट बंद होईल.