धूर दरवर्षी तपासता, ब्रेक कोण तपासणार?

गेल्या रविवारी मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी माझ्या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला. काम अर्ध्यावर असतानाच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसकट मेसेज आला. "आवारात गाडी दुरुस्त करण्यास सक्त मनाई आहे. सदस्यांनी नोंद घ्यावी." खाली अकरा अंगठे. त्या अकरा जणांसाठी ही पोस्ट. लांब आहे, पण गाडी चालवत असाल तर वाचाच.

आधी झालं काय ते सांगतो. अंधेरीहून जेव्हीएलआरने घरी येत होतो. नेहमीसारखं ट्रॅफिक, ब्रेकवर हलका पाय ठेवून उभा. आणि पायाखालचं पेडल हळूहळू खाली बसायला लागलं. पुन्हा दाबलं की वर येतं, धरून ठेवलं की बसतं. घरी येऊन बघितलं तर कुठेही गळती नाही, टाकीतलं ब्रेक ऑइल जागच्या जागी, डॅशबोर्डवर लाल दिवा नाही.

मास्टर सिलिंडर पायाच्या जोराचं ऑइलच्या दाबात रूपांतर करतो आणि तो दाब चारही चाकांकडे पाठवतो. त्याच्या आतले रबरी वॉशर झिजले की ऑइल बाहेर सांडत नाही, आतल्या आत मागे सरकतं. जोरात ब्रेक मारला तर लागतोही. म्हणून माणूस म्हणतो, "चालतंय की!" आणि एक दिवस चालत नाही.

आता मला सांगा, हे कोण पकडणार होतं? पीयूसी दरवर्षी लागते, जुन्या गाड्यांना तर दर सहा महिन्यांनी. नसली की दंड. टॅक्सी-रिक्षाला फिटनेस आहे, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. पण तुमची-माझी खासगी गाडी एकदा रजिस्टर झाली की १५ वर्षं कायद्याने कोणीही तिचे ब्रेक बघायला बांधील नाही. थेट नूतनीकरणाच्या वेळी तपासणी. १५ वर्षं! आमच्या कमिटीने नळाच्या वॉशरवर दोन मीटिंगा घेतल्यात. ज्या आवारात संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, तिथे शिरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकवर एकही नाही.

"मग सर्व्हिस सेंटरला न्यायची ना!" नेली होती. तिथे म्हणाले, बूस्टरसकट पूर्ण सेट बदला. बूस्टर ठणठणीत होता. सुटा पार्ट मागितला तर "आम्ही काउंटरवर देत नाही". हे काही माझं एकट्याचं रडगाणं नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टकज्जे झाले. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात मोटारीही आल्या. कागदावर हक्क येतोय, आणि आमच्या गेटवर मनाईची पाटी!

आता कमिटीची बाजू. "ब्रेकसारखी गोष्ट घरी करायची?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. व्हिडिओ बघून अर्ध्या तासात उरकणाऱ्यांना मीही हात जोडतो. पाइपाच्या नटाला साधा पाना लावलात तर नट गोल होतो आणि पाइपही बदलावा लागतो. नवा सिलिंडर चढवायच्या आधी त्यात ऑइल भरून आतली हवा काढावी लागते, मग एकेका चाकाची. बूस्टरच्या दांड्याचं माप चुकलं तर ब्रेक धरून राहतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. मुंबईच्या पावसाळ्यात माळ्यावर उघडी राहिलेली बाटली म्हणजे कचराच समजा. हे पाणी ब्रेक तापले की उकळतं, वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. काही एबीएसच्या गाड्यांत तर स्कॅनर लावल्याशिवाय सगळी हवा निघत नाही, तिथे घरी हात लावूच नका. आणि डुप्लिकेट पार्ट स्वस्तात मिळतोय म्हणून घेणारा गॅरेजवाला असो की घरचा, दोघेही सारखेच गुन्हेगार.

मी काम झाल्यावर नाक्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं, त्यांनी तपासून "ठीक आहे" म्हटल्यावरच गाडी गेटबाहेर काढली. यात मला कसलाही कमीपणा वाटला नाही.

म्हणून कमिटीला जाहीर विनंती. मनाई काढा, नियम करा. एक जागा ठरवा, रविवारी सकाळची वेळ ठरवा. खाली ट्रे, गाडी नुसत्या जॅकवर नाही तर स्टँडवर, जुनं ऑइल गटारात नाही. डाग पडला तर खर्च सदस्याकडून घ्या. आणि ब्रेकचं काम असेल तर मिस्त्रीने तपासल्याशिवाय गाडी हलणार नाही, हेही लिहा. मी पहिली सही करतो. सरकारकडेही मागणी आहे. गाडी पाच वर्षांची झाली की दर दोन वर्षांनी ब्रेक तपासा. धुराने माणूस हळूहळू मरतो, ब्रेकने एका सेकंदात. आणि बऱ्याचदा मरणारा गाडीबाहेरचा असतो.

उद्या सकाळी निघण्याआधी एवढंच करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, इंजिन चालू. ब्रेक दाबून मिनिटभर तसाच धरून ठेवा. इंजिन चालू होताना पेडल किंचित खाली जातं, ते बूस्टरमुळे, त्याला घाबरू नका. पण नंतर ते हळूहळू बसत गेलं तर गाडी तिथेच ठेवा आणि लोकल पकडा.

काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा. त्या अकरा अंगठेवाल्यांनीही लिहावं. वाट बघतोय.