गोदूताईंचा बावटा आणि आपले दावे

साथींनो, १० ऑक्टोबर जवळ आली. १९४५ साली याच तारखेला ठाणे जिल्ह्यात तलवाड्याला जमलेल्या वारली आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण पडले. मागणं काय होतं? पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये. बस, एवढंच.

या वारल्यांसोबत उभ्या राहिलेल्या कॉम्रेड गोदावरी परुळेकर, म्हणजे गोदूताई, पुण्याच्या. कायद्याची पदवी घेतलेल्या. त्या आणि कॉ. शामराव पाड्यापाड्यांत फिरले, झोपडीत राहिले. तिथं लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराचे बांधील, त्याला 'लग्नगडी' म्हणत. वेठ तर होतीच. मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत हजारो वारल्यांनी ठरवलं, वेठ करायची नाही, बारा आण्यांखाली मजुरीला जायचं नाही. एकट्या माणसाला झोडपणं मालकाला सोपं होतं. सगळेच कामावर गेले नाहीत तेव्हा त्याची पंचाईत झाली.

कम्युनिझमवर मोठाली पुस्तकं असतील, बारावीपर्यंत आम्हाला तरी कोणी शिकवली नाहीत. मला तो या ठरावातच दिसतो. २०१८ च्या मार्चमध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी गेला, त्यातही वनहक्क हीच मोठी मागणी होती.

कोणी म्हणतं, ठाण्याचं आपल्याला काय? आपल्याकडं लग्नगडी नाही, खरं. पण वनजमिनीचा कागद घेऊन एकेक जण गुपचूप कचेरीत जातो, आणि दारातच दलाल भेटतो, "पैसे दे, नाव घालतो." असं नाव पडत नसतं. २००६ च्या कायद्यात दावा आधी ग्रामसभेपुढं येतो. जुना कागद नसला तरी गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरतात. त्याला जोड म्हणून जुनी विहीर, बांध, मसणवटा दाखवा, एकाच पुराव्यावर राहू नका. दावा फेटाळला तर तसं कळवावं लागतं, त्यावर ६० दिवसांत वर दाद मागता येते. चौकशी पुरी होईस्तोवर कोणी हुसकावू शकत नाही.

१० तारखेला फोटोला हार घालायचा तर घाला. पण त्याच दिवशी ग्रामसभा लावा, कोणाचे दावे अडकले त्याची यादी सगळ्यांसमोर वाचा. म्हातारी माणसं आहेत तोवर जबाब लिहून घ्या, बायांचेही घ्या. यादीची एक नक्कल दुसरबीडला पोचवा, म्हणजे सगळ्या गावांचं निवेदन एकदमच देता येईल.